१९७४ : स्कँडिनेव्हियाच्या संगीतातलं एक भरगच्च वर्ष

उत्तरायण

६ एप्रिल १९७४, शनिवार. इंग्लंडमधल्या ब्रायटनला ॲबा या स्वीडिश चौकडीने 'वॉटर्लू' गाऊन युरोव्हिजन ही युरोपीय देशांमधली गाण्यांची स्पर्धा जिंकली. पाश्चात्त्य पॉप ऐकणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक असतं. त्याच तारखेच्या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावरही स्वीडिश मंडळीच होती, ही गोष्ट मात्र मागे पडली. ब्योर्न शिफ्स आणि त्याचा 'ब्लू स्वीड' हा बँड, गाणं 'हुक्ड ऑन अ फीलिंग'. सुरुवातीचा तो 'ऊगा-चाका' घोष आठवत असेल. काही वर्षांपूर्वीच्या एका अंतराळातल्या साहसपटामुळे नव्या पिढीलाही तो पाठ झालाय. गाणं मूळ अमेरिकन, घोष एका इंग्रज गायकाच्या आधीच्या आवृत्तीतला. पण बिलबोर्डच्या मुख्य यादीत शिखर गाठणारा पहिला स्वीडिश संच हाच. ८० लाखांच्या आसपास वस्तीचा देश, आणि एकाच दिवशी अटलांटिकच्या दोन्ही काठांवर त्याचं गाणं वाजत होतं.

पण हा धागा मी त्या योगायोगासाठी काढलेला नाही. १९७४ मध्येच स्वीडनच्या संसदेने देशाचं नवं सांस्कृतिक धोरण मंजूर केलं. पंतप्रधान पाल्मे यांचं सरकार, संसदेत दोन्ही बाजूंना बरोबर १७५-१७५ जागा, मतं समसमान पडली की चिठ्ठी काढून निर्णय, असा तो काळ. त्या धोरणात आठ उद्दिष्टं होती आणि त्यातलं एक सरळ शब्दांत असं होतं की संस्कृतीच्या क्षेत्रात व्यापारी वृत्तीचे जे वाईट परिणाम होतात त्यांना सरकारने आवर घालावा. म्हणजे ज्या वर्षी स्वीडिश पॉप जगाच्या बाजारात उतरलं, त्याच वर्षी स्वीडिश सरकारने बाजाराला आवर घालण्याचं वचन कागदावर आणलं. हे उद्दिष्ट पुढे २००९ पर्यंत टिकलं.

या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधातल्या आहेत असंच साधारणपणे मांडलं जातं. मला तसं वाटत नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच माती होती असं माझं ठाम मत आहे. नगरपालिकेच्या संगीतशाळा, कामगार चळवळीतून उभ्या राहिलेल्या अभ्यासमंडळांच्या तालमीच्या खोल्या, रेडिओचे वाद्यवृंद आणि गायकवृंद, गावोगाव मैफली पोचवणारी 'रिक्सकॉन्सर्टर' ही सरकारी संस्था, हे सगळं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत उभं राहिलं होतं. १९७४ मध्ये त्याचं पीक एकदम आलं. कोणी त्यातून नाचाची गाणी केली, कोणी सरकारला शिव्या घालणारी गाणी केली, कोणी तासभराच्या सिंफनी लिहिल्या.

अभिजात संगीताच्या बाजूला बघा. संगीतकार आलान पेटरशॉन हा स्टॉकहोमच्या सोडरमाल्म भागातल्या गरिबीत वाढलेला लोहाराचा मुलगा. संधिवाताने हात-पाय वाकडे झालेले, १९७० मध्ये तो रुग्णालयात गेला आणि नऊ महिने तिथेच होता. त्या खाटेवर सुरू झालेल्या दहाव्या आणि अकराव्या सिंफनी १९७४ मध्ये लोकांपुढे आल्या : दहावी जानेवारीत स्वीडिश दूरचित्रवाणीवर, अकरावी ऑक्टोबरमध्ये नॉर्वेतल्या बर्गनला. आणि त्याच सुमारास तो बारावी लिहीत होता, चिलीचा कवी पाब्लो नेरुदाच्या कवितांवर, मोठ्या गायकवृंदासाठी. या माणसाला १९६४ पासून सरकारकडून आयुष्यभराच्या हमीचं मानधन मिळत होतं. ते नसतं तर या सिंफनी झाल्याच नसत्या असं मी म्हणणार नाही, पण घरभाड्याची चिंता करत तासभराचा स्वरलेख लिहिणं किती जणांना जमलं असतं?

मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात बिर्गिट निल्सन जर्मन संगीतकार वाग्नरच्या 'गॉटरडेमरुंग' या ऑपेरात ब्रुनहिल्ड या नायिकेची भूमिका गात होती. स्वीडनच्या दक्षिणेकडच्या स्कोने प्रांतातली शेतकऱ्याची मुलगी, त्या काळातली वाग्नरची सर्वात मोठी गायिका. तालमीत मंचावर पडून तिचा खांदा निखळला. तरीही पहिल्या प्रयोगाला ती हात झोळीत बांधून उभी राहिली आणि 'गॉटरडेमरुंग' पूर्ण गायली. चार-साडेचार तासांच्या ऑपेराचा शेवट ज्या प्रचंड स्वगताने होतो ते तिने त्या अवस्थेत पेललं, हे कळल्यापासून तिचं कुठलंही ध्वनिमुद्रण मी जरा सरसावून बसूनच ऐकतो.

नॉर्वे आणि डेन्मार्कबद्दल इथे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत, त्यांनी भर घालावी. मीराताई, झपताल, वाट बघतोय.

जुनी_तबकडी

वा! 'वॉटर्लू'च्या ध्वनिमुद्रणाबद्दल थोडं लिहितो, कारण गाण्याचं अर्धं यश तिथे आहे.

हे गाणं १७ डिसेंबर १९७३ ला स्टॉकहोमच्या मेट्रोनोम स्टुडिओत मुद्रित झालं. ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटो. अमेरिकन निर्माता फिल स्पेक्टर एकाच खोलीत पाच-पाच गिटारवाले, तीन-तीन पियानोवाले बसवून 'आवाजाची भिंत' उभी करायचा. स्वीडनमध्ये एवढे वादक जमवायला पैसे कुठले? ट्रेटोने उपाय काढला. तेच वादक तोच तुकडा दुसऱ्यांदा वाजवायचे, पण त्या वेळी टेपचा वेग अगदी किंचित बदललेला असायचा. नेहमीच्या वेगाला दोन्ही एकत्र ऐकले की स्वरात केसाएवढा फरक पडतो आणि चार वादकांचे आठ वाटायला लागतात. आग्नेथा आणि फ्रिदा या ॲबाच्या दोन गायिकांच्या आवाजांनाही हेच केलं. ॲबाचा तो लखलखीत, भरलेला नाद तिथून आला.

वाजवणारे कोण? गिटारवर यान शाफर, बासवर रुटगर गुनार्सन, ड्रमवर ओला ब्रुंकर्ट. ही सगळी स्टॉकहोमच्या स्टुडिओंमध्ये रोज सकाळी एक, दुपारी दुसरं वाजवणारी मंडळी. शाफरचं स्वतःचं जॅझकडे झुकणारं वाद्यसंगीत त्याच सुमारास येत होतं. उत्तरायण म्हणतात ती 'एकच माती' इथे उघड दिसते. टेड गेर्देस्ताद या कोवळ्या आवाजाच्या गायकाची 'उप्तोग' ही तबकडीही १९७४ चीच, निर्माते ॲबातले ब्योर्न आणि बेनीच. ॲबाच्या गदारोळात ती बाहेर कोणी ऐकली नाही. आवर्जून ऐका. शब्द त्याच्या भावाचे आहेत, स्वीडिश कळत नसली तरी चालींमधला निरागसपणा पोचतो.

आणखी एक. 'वॉटर्लू'नंतर ॲबा लगेच जगज्जेते झाले नाहीत. इंग्लंडमध्ये ते गाणं दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, अमेरिकेत सहाव्यापर्यंत गेलं. पण वर्षअखेरीस आलेलं 'सो लाँग' इंग्लंडच्या यादीत शिरलंसुद्धा नाही. युरोव्हिजन जिंकून विस्मरणात गेलेल्या अनेकांसारखीच यांचीही गत होणार असं तिथल्या लोकांना वाटत होतं. पुढच्या वर्षी 'एसओएस' आलं तेव्हा चित्र पालटलं.

घाटावरचा

सुंदर धागा, वाचनखूण साठवली आहे.

एक शंका. स्वीडनमध्ये त्या काळी ॲबाचा राग करणारे खूप लोक होते असं वाचलंय. देशाचं नाव एवढं झालं, तर राग कशाचा?

मीरा_ओस्लो

उत्तरायण, हाक मारलीत म्हणून लिहिते.

नॉर्वेसाठी त्या युरोव्हिजनची आठवण चांगली नाही. आमची आन-कारिन स्ट्रॉम ३ गुणांसह तळाला राहिली, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि पोर्तुगालच्या जोडीने. पण ॲबामध्ये नॉर्वे होताच की. फ्रिदा, म्हणजे आनी-फ्रिद ल्युंगस्ताद, १९४५ मध्ये उत्तर नॉर्वेत जन्मली आणि लहानपणीच आजीबरोबर स्वीडनला गेली.

स्पर्धेनंतर अडीच आठवड्यांनी, २४ आणि २५ एप्रिलला, ओस्लोत जे घडलं ते मला 'वॉटर्लू'इतकंच मोलाचं वाटतं. अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेट, आमचा सॅक्सोफोनवादक यान गारबारेक, स्वीडनचा पाले दानिएल्सन बासवर आणि नॉर्वेचा युन क्रिस्टेन्सन ड्रमवर. जर्मन निर्माता मानफ्रेड आयशरच्या ईसीएम कंपनीसाठी त्यांनी 'बिलाँगिंग' ही तबकडी मुद्रित केली. दोन दिवसांत. यात 'ब्लॉसम' म्हणून एक संथ रचना आहे. जॅरेट बराच वेळ एकटा फिरतो, मग गारबारेक शिरतो. त्याचा सूर कापत जाणारा, कंप जवळजवळ नसलेला. सॅक्सोफोनचा असा आवाज अमेरिकेत कोणी काढत नव्हतं. गारबारेकने तो कुठून आणला यावर इथे खूप लिहिलं जातं. फ्योर्ड, बर्फ, एकांत वगैरे. माझं मत विचाराल तर त्याने अमेरिकन सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेन मनापासून ऐकला, जॉर्ज रसेलसारख्या गुरूकडे शिकला आणि मग डोंगराळ भागातली जुनी लोकगीतं ऐकली. निसर्गापेक्षा रियाजाला श्रेय द्यावं.

आता उत्तरायण यांच्या मुद्द्याकडे. हे मुद्रण झालं तो स्टुडिओ आर्ने बेंडिक्सेनचा. हा बेंडिक्सेन कोण? हलकीफुलकी गाणी गाणारा, रेकॉर्डच्या धंद्यातला माणूस, १९६४ मध्ये युरोव्हिजनला नॉर्वेकडून स्वतः गायलेला! म्हणजे युरोपातल्या सर्वात गंभीर समजल्या जाणाऱ्या जॅझचं घर एका पॉपवाल्याने बांधलेलं होतं. ध्वनिमुद्रक यान एरिक कोंग्सहाउग. भांड्यावर पडलेल्या एका काडीचा नाद खोलीभर कसा विरतो ते ऐकू येईल इतकं स्वच्छ त्याचं काम. मुंबईकरांशी याचा थेट संबंध आहे : झाकीर हुसेन यांची 'मेकिंग म्युझिक' ही तबकडी, पंडित हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅक्लॉफलिन आणि याच गारबारेकबरोबरची, १९८६ मध्ये ओस्लोत कोंग्सहाउगच्याच रेनबो स्टुडिओत मुद्रित झाली. ती तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. तबल्याच्या शाईवरच्या बोटांचा स्पर्श त्यात कसा टिपलाय ते ऐका आणि मग 'बिलाँगिंग'मधल्या झांजा ऐका, कान एकच आहे हे कळेल.

टेरये रिप्डालची 'व्हेनेव्हर आय सीम टू बी फार अवे' हीही त्याच वर्षातली. विजेच्या गिटारसाठी आणि तंतुवाद्यवृंदासाठी एक अख्खी बाजू आहे त्यात. रॉक, जॅझ की अभिजात, कुठल्या कप्प्यात टाकाल?

शेवटचं, कारण हे नॉर्वेबाहेर कोणी सांगणार नाही. १९७४ मध्ये नॉर्वेत घराघरात जी वाजत होती ती 'व्ह्योम्मोल्न' ही तबकडी. वेरदाल गावच्या हान्स रोत्मोने एक काल्पनिक दरी रचली, व्ह्योम्मोलची. तिथली माणसं, शेतं, कारखाने, शहराकडे निघून जाणारी पोरं, असं सगळं गाण्यांत, आणि तेही ठसठशीत ट्रोंडर बोलीत. दोनच वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९७२ मध्ये, नॉर्वेच्या जनतेने युरोपीय समुदायात जायला सार्वमताने नकार दिला होता. खेड्यातल्या माणसाचा आपल्या जागेवरचा हक्क हा तेव्हा जिवंत प्रश्न होता. नाचायला लावणारी, पायपेटी-फिडलची गाणी, आणि पोटात राजकारण. ओस्लोतल्या सुशिक्षितांनाही बोलीतली गाणी पाठ झाली. रोत्मोने त्यांना दुसरा पर्यायच ठेवला नव्हता.

उत्तरायण

मीराताई, बेंडिक्सेनची गोष्ट मला माहीत नव्हती. फार मोठी भर घातलीत.

घाटावरचे, तुमच्या शंकेचं उत्तर जरा लांब आहे.

१९७० च्या आसपास स्वीडनमध्ये 'प्रॉग' नावाची चळवळ उभी राहिली. इंग्लंडच्या प्रोग्रेसिव्ह रॉकशी तिची गल्लत करू नये. 'प्रगतिशील संगीत' असा तिचा अर्थ, आणि प्रगतिशील म्हणजे डावं. संगीत विकणाऱ्यांचं नसून लोकांचं आहे, प्रत्येकाने वाजवावं, स्वीडिशमध्ये गावं, मोठ्या कंपन्यांना टाळावं. त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्ड कंपन्या होत्या, स्टॉकहोमजवळच्या वाक्सहोल्मची एमएनडब्ल्यू आणि दुसरी सायलेन्स. माल्मोचा हूला बंडूला बँड, गोथेनबर्गचं नाशुनालतियातर्न, ही त्यातली ठळक नावं. नाशुनालतियातर्न ही मुळात नाटकमंडळी. उपनगरांतल्या युवककेंद्रांत पोरांसमोर प्रयोग करायची. त्यांची 'लिवेत एर एन फेस्त' १९७४ चीच. काँक्रीटच्या इमारतींत वाढणारी मुलं, दारू, गोंद हुंगणं, पोलीस, असे विषय आणि झणझणीत रॉक. स्वीडिश लोक आजही ती गाणी एका सुरात गातात.

या मंडळींना ॲबा म्हणजे सगळ्या दुखण्याचं मूळ वाटलं. चकचकीत कपडे, इंग्रजी शब्द, निर्यातीचा माल, ज्या शब्दांत म्हणण्यासारखं काही नाही अशी गाणी. स्पर्धा जिंकल्यामुळे १९७५ ची युरोव्हिजन स्टॉकहोमला भरवावी लागली, सार्वजनिक पैशातून. तेव्हा चळवळीने त्याच दिवसांत शहरात पर्यायी महोत्सव भरवला. त्यातून निघालेल्या एका गाण्यात ॲबाची नाव घेऊन टर उडवली होती आणि ते गाणंही यादीत वर गेलं! १९७६ च्या युरोव्हिजनमध्ये तर स्वीडनने भागच घेतला नाही.

मला त्यांचा राग समजतो. १९७३ च्या सप्टेंबरमध्ये चिलीत लष्कराने सत्ता बळकावली, गायक व्हिक्टर हाराला ठार मारलं. स्वीडनने तिथल्या निर्वासितांना मोठ्या संख्येने घेतलं. ज्यांच्या घरी ती माणसं जेवायला येत होती त्यांना नेपोलियनच्या पराभवावरचं प्रेमगीत खुपणारच. पण त्या रागात त्यांनी कारागिरी बघितली नाही, हे मला पटत नाही. बेनी अँडरसन आजोबांच्या ॲकॉर्डियनवर लोकसंगीत वाजवत मोठा झालेला माणूस आहे. त्याच्या चालींतला तो उदास गोडवा उत्तरेकडच्या लोकसंगीतातून आलेला आहे, बाजारातून नाही.

सोनटक्का

गोथेनबर्गहून. धागा दोनदा वाचला. थोडा मतभेद नोंदवते.

उत्तरायण दादा, प्रॉगवाल्यांनी कारागिरी बघितली नाही हे खरं, पण त्यांचा मुद्दा कारागिरीचा नव्हताच. वाजवतं कोण, हा होता. आज माझी मुलगी इथल्या नगरपालिकेच्या शाळेत चेलो शिकते. वाद्य भाड्याने मिळतं, फी महिन्याच्या खर्चात जाणवत नाही, तिच्या वर्गात सीरियातून आलेली मुलगी आहे आणि डॉक्टरचा मुलगा आहे. हे आपोआप टिकत नाही. कोणीतरी सतत भांडत राहावं लागतं, नाहीतर पहिली कात्री इथेच लागते. ७४ च्या धोरणामागे आणि त्या चळवळीमागे भांडणारी माणसं होती. मॅक्स मार्टिन, ज्याने नंतर अमेरिकेतल्या निम्म्या तारे-तारकांना गाणी करून दिली, तो आपल्या घडणीचं श्रेय सार्वजनिक संगीतशिक्षणाला देतो. म्हणजे बाजारात जिंकलेल्या माणसालाही बाजाराबाहेरच्या शाळेची गरज होती. हे वाक्य उलटं करून बघा, खरं राहत नाही.

एका बाबतीत मात्र चळवळीचं साफ चुकलं असं मलाही वाटतं. अशा स्पर्धेतली गाणी पोकळच असतात, त्यांनी काही हलत नाही, असं ते म्हणत. मीराताईंनी उल्लेख केलाय की पोर्तुगाल त्या वर्षी तळाला होतं. त्यांचं गाणं 'ए देपोइश दो अदेउश', पाउलू दि कार्वाल्यूने गायलेलं, साधं विरहगीत. २४ एप्रिलच्या रात्री ११ ला ५ मिनिटं कमी असताना लिस्बनच्या रेडिओवर ते वाजलं आणि तो बंडखोर सैनिकांना 'तयार राहा' असा इशारा होता. पहाटेपर्यंत जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही कोसळायला लागली. गाणं निरुपद्रवी प्रेमगीत होतं म्हणूनच ते निवडलं, कोणाला संशय येणार नाही. ब्रायटनच्या त्या रंगीबेरंगी मंचावरून आलेल्या गाण्याने हे केलं.

मीरा_ओस्लो

@सोनटक्का, आणि त्याच रात्री इकडे ओस्लोत 'बिलाँगिंग'चा पहिला दिवस संपला होता! तारखा शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या.

झपताल

डेन्मार्कची बाजू मांडतो. आधी पॉप उरकून घेतो. डेन्मार्क १९६७ पासून युरोव्हिजनमध्ये नव्हताच, थेट १९७८ ला परतला. घरात मात्र गासोलिन या बँडचं राज्य होतं. कोपनहेगनच्या क्रिस्तियान्सहाव्न भागातली पोरं, गायक किम लार्सन. 'स्ताकेल्स यिम' १९७४ ची. इंग्रजीत गाऊन बाहेर नाव काढायचा त्यांनी प्रयत्न केला, तो फसला. डॅनिशमध्ये मात्र ते अजिंक्य होते, आणि लार्सन २०१८ मध्ये गेला तेव्हा अख्खा देश रस्त्यावर उतरून गायला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. १९७४ चा नॉर्डिक कौन्सिलचा, म्हणजे उत्तर युरोपीय देशांच्या परिषदेचा, संगीत पुरस्कार डॅनिश संगीतकार पेर नॉरगॉरला मिळाला, 'गिलगामेश' या ऑपेरासाठी. आणि त्या वर्षी तो आपली तिसरी सिंफनी लिहीत होता. ती १९७२ ला सुरू होऊन १९७५ ला पुरी झाली. माझ्या लेखी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली युरोपातली ही सर्वात देखणी सिंफनी.

नॉरगॉरने १९६० च्या आसपास एक स्वरमालिका शोधली, 'अनंत मालिका'. ती आपल्याला समजायला फार सोपी आहे, कारण लय आपल्या हाडात मुरलेली असते. अर्ध्या स्वरांत मोजू. सा म्हणजे ०. मालिका अशी निघते : ०, १, -१, २, १, ०, -२, ३... म्हणजे सा, कोमल रे, मंद्रातला शुद्ध नी, शुद्ध रे, कोमल रे, सा, मंद्रातला कोमल नी, कोमल ग. नियम एकच. मालिकेतलं प्रत्येक पाऊल घ्यायचं, ते एकदा उलटं आणि एकदा सुलटं करून शेवटच्या दोन स्वरांना लावायचं, की पुढचे दोन स्वर मिळतात. असं कितीही वेळ चालू ठेवा, पुनरावृत्तीचं चक्र कधीच लागत नाही.

खरी गंमत पुढे. या मालिकेतला दर चौथा स्वर उचला : पुन्हा तीच मालिका मिळते, चौपट संथ. दर दुसरा उचला : तीच मालिका आरशात बघितल्यासारखी उलटी. म्हणजे बराबरीत जे चाललंय तेच आतल्या आत ठायीतही चाललंय, आणि हे कोणी वरून लादलेलं नाही, स्वरांच्या पोटातच आहे. आपल्याकडे गवय्या ठाय, दुगुन, चौगुन एकामागून एक करून दाखवतो. इथे सगळ्या लयी एकाच वेळी, एकाच ओळीत. किराणा किंवा इंदूर घराण्याचे चाहते मेरुखंडाची आठवण काढतील, पण मेरुखंड म्हणजे ठरलेल्या स्वरांच्या सगळ्या मांडण्या. ही मालिका वाढत जाते, त्यामुळे जात वेगळी आहे.

हे सगळं गणित माहीत नसताना मी पहिल्यांदा ती सिंफनी ऐकली. खर्जातून एक गुणगुण वर येते, एकेक थर उलगडतो, आणि दुसऱ्या भागात गायकवृंद येतो. शेवटाकडे जर्मन भाषेतला कवी रिल्केची कविता आहे, 'न पाहिलेल्या बागा गा' असं हृदयाला सांगणारी, आणि त्यातून मध्येच शूबर्टचं एक गाणं तरंगत वर येतं. बुद्धीने बांधलेली गोष्ट इतकी उबदार लागू शकते हे मला नॉरगॉरने शिकवलं. २०२५ मध्ये तो गेला, ९२ वर्षांचा होता. मराठीत त्याच्याबद्दल कोणी लिहिलेलं माझ्या नजरेला आलं नाही, म्हणून एवढं लांबवलं.

जुनी_तबकडी

झपताल, पेटीवर ते आठ स्वर वाजवून बघितले. कानाला आधी विचित्र वाटतात, चार-पाच वेळा वाजवल्यावर सवय होते आणि हात पुढे जायला बघतो.

जाता जाता ॲबाचा आपल्याकडचा धागा : 'हम किसीसे कम नहीं' मधलं 'मिल गया हमको साथी मिल गया' ऐका आणि मग 'मामा मिया' ऐका. पंचमने १९७७ ला ते उचललं, पण मधला भाग पूर्ण स्वतःचा केला.

घाटावरचा

सगळ्यांचे आभार. प्रॉग आणि ॲबा, दोन्हींची बाजू कळली. सोनटक्का यांचं पोर्तुगालचं उदाहरण कायम लक्षात राहील.

उत्तरायण, सुरुवातीला अभिजात संगीताबद्दल लिहिलंत त्यात ऑपेराचा एखादा प्रयोग आहे का जो माझ्यासारख्याला बघता येईल? नुसतं ऐकून ऑपेरा पोचत नाही.

उत्तरायण

आहे, आणि तो नेमका १९७४ मध्येच घडला. इंगमार बर्गमनने मोत्सार्टच्या 'मॅजिक फ्लूट'वर केलेली फिल्म. स्वीडिश रेडिओच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त ती दूरचित्रवाणीसाठी केली आणि १ जानेवारी १९७५ ला दाखवली.

स्टॉकहोमजवळ द्रोत्निंगहोल्म राजवाड्यात १७६६ सालचं लाकडी नाट्यगृह आहे, जुनी यंत्रं, रंगवलेले पडदे सगळं शाबूत. बर्गमनला तिथेच चित्रीकरण करायचं होतं, पण ती वास्तू दिव्यांचा आणि यंत्रांचा भार सोसण्याइतकी धट्टीकट्टी नव्हती. मग तो मंच जसाच्या तसा स्टुडिओत उभारला. गाणी आधी मुद्रित केली, नंतर गायकांनी त्यावर अभिनय केला. आपल्याला ही पद्धत नवी नाही, ऑपेरावाल्यांना होती. त्याचा फायदा असा झाला की स्वेन निक्विस्तचा कॅमेरा गायकाच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊ शकला आणि तिथे जबडा ताणलेला दिसत नाही, माणूस दिसतो. संगीत संचालन एरिक एरिकसनचं. हा मुळात गायकवृंदांचा गुरू, स्वीडनच्या सामूहिक गायनाची कीर्ती जगभर नेणारा. त्यामुळे आवाज हलके, तरुण, एकमेकांना ऐकणारे. हाकन हागेगोर्डचा पापागेनो बघा, पक्षी पकडणारा हा भोळा जीव किती सहज गातो. सगळं स्वीडिशमध्ये आहे, कारण बर्गमनला ते घरातल्या आजीला आणि नातवाला एकत्र कळायला हवं होतं.

सोनटक्का, तुमच्या म्हणण्याला इथे बळ मिळतं. देशातल्या सर्वात मोठ्या दिग्दर्शकाने, सार्वजनिक पैशातून, नववर्षाच्या दिवशी घरोघरी एक अख्खा ऑपेरा मोफत पोचवला. ७४ च्या धोरणाचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

सोनटक्का

मान्य. आणि आमच्या शेजारच्या आजींना त्यातली पापागेनोची गाणीही येतात आणि 'वॉटर्लू'ही. नाशुनालतियातर्न मात्र त्यांना मुळीच चालत नाही, मुलाने त्या वयात फार वाजवलं म्हणून!

झपताल

उत्तरायण, एक राहिलं. पेटरशॉनला हात घालायची मला अजून हिंमत झाली नाही. सुरुवात कुठून करू? थेट बारावीपासून, की आधीच्या कुठल्या?

उत्तरायण

बारावीपासून नको. ती चिलीची राजधानी सांतियागोच्या चौकात जानेवारी १९४६ मध्ये मारल्या गेलेल्या निदर्शकांवरची नेरुदाची कविता आहे. गायकवृंद जवळपास अखंड गातो, श्वास घ्यायला जागा नाही, आणि पेटरशॉनने ती दयामाया न ठेवता लिहिली आहे. उप्साला विद्यापीठाच्या पाचशेव्या वर्षासाठी मागवलेली रचना, सोहळ्याला शोभेल असं काही तिच्यात नाही.

सातवीपासून सुरू करा. १९६८ मध्ये संगीत संचालक आंताल दोराती यांनी ती पहिल्यांदा सादर केली आणि पेटरशॉनचं नाव झालं ते तिच्यामुळे. एकच सलग भाग, पाऊण तासाच्या आसपास. पहिली पंधरा-वीस मिनिटं ब्रासचा एक लहानसा आकृतिबंध पिच्छा सोडत नाही, तिथे उठू नका. निम्म्याच्या पुढे तंतुवाद्यांची एक लांब धून येते, तिच्यापर्यंत पोचायलाच हवं. ती ऐकल्यावर दहावी आणि अकरावी घ्या, दोन्ही प्रत्येकी अर्ध्या तासाच्या आतबाहेर आहेत. बारावी त्यानंतर, हेडफोन लावून, शब्दांचं भाषांतर शेजारी ठेवून. स्वीडिश शब्दांना अडलात तर सोनटक्का आहेतच.